सत्थवणिज्जा, अर्थनीती आणि वालचंदनगर

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ही शेठ वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी साखर कारखान्याभोवती वसविलेली वसाहत होय. पुढे येथे साखर व सिमेंट कारखान्यांची यंत्रे, अणुभट्ट्यांचे भाग आणि २००९ साली जलावतरण झालेल्या 'अरिहंत' या अणुपाणबुडीची गिअरबॉक्सही घडली. आचार्य बुद्धघोषांनी 'अरहं' या शब्दाची फोड करताना ज्यांचा वध व्हावयाचा ते अरी म्हणजे क्लेश, असे सांगितले आहे. त्याच शब्दाचे भावंड आज युद्धनौकेवर कोरले गेले आहे.

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात उपासकाला वर्ज्य असलेल्या पाच व्यापारांत सत्थवणिज्जा, म्हणजे शस्त्रांचा व्यापार, पहिला आहे. मग अशा कारखान्यात घाम गाळून मुलांना शिकविणाऱ्या उपासकाला आपण दोषी ठरवावे काय? आमच्या मते प्रश्न त्याच्यापुरता नाही, तो राज्याच्या अर्थनीतीचा आहे.

दीघ निकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात कारणपरंपरा स्पष्ट आहे. निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे आणि शस्त्रांतून हत्या. कूटदंत सुत्तातील पुरोहित राजा महाविजिताला सांगतो, की दंडाने चोर संपणार नाहीत. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल व सेवकाला वेतन द्यावे. राजाने तसे केले. राज्य निर्भय झाले आणि राजकोशही वाढला.

पूज्य बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना हाच हिशेब राष्ट्रापुढे मांडला. ३५० कोटींच्या वार्षिक महसुलापैकी सुमारे १८० कोटी रुपये सैन्यावर खर्च होतात, हे त्यांनी दाखविले आणि त्याचे मूळ परराष्ट्र धोरणात शोधले. महार पलटणीचा आग्रह धरणारे बाबासाहेब संरक्षणाचे महत्त्व जाणत होते. म्हणूनच मैत्रीने टळणारा खर्च त्यांना खुपत होता.

शांततेलाही किंमत पडते, हे मात्र विसरता कामा नये. शस्त्रांची मागणी घटली तर पहिला फटका कामगाराच्या चुलीला बसेल. म्हणून वाचलेल्या पैशातून त्याला प्रथम पर्यायी काम व वेतन मिळाले पाहिजे. कूटदंताचा न्याय त्यालाही लागू आहे. उसाची यंत्रे घडविणाऱ्या हातांना असे काम नवे नाही. ते देण्याची जबाबदारी राज्याची आहे, आणि ती मागण्याचे कर्तव्य आपले.