इनिट स्क्रिप्ट

इनिट स्क्रिप्ट ही युनिक्स व लिनक्स प्रकारच्या संचालन प्रणालींमध्ये पार्श्वभूमी सेवा सुरू करणारी, थांबवणारी आणि त्यांची स्थिती कळवणारी आज्ञावली होय. वेब सर्व्हर, डेटाबेस, ईमेल, छपाई यांसारख्या सेवा कोणीही लॉग-इन केलेले नसतानाही चालू राहतात. अशा सेवांना 'डीमन' म्हणतात. हे नाव १९६३च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये रूढ झाले. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या वैचारिक प्रयोगातील, पडद्याआड रेणू वेगळे करणाऱ्या काल्पनिक डीमनवरून ते घेतले आहे.

रचना

संगणक सुरू होताना कर्नल 'इनिट' नावाची प्रक्रिया सुरू करते. तिचा प्रक्रिया क्रमांक १ असतो. १९८३ साली आलेल्या सिस्टम फाइव्ह युनिक्सवरून रूढ झालेल्या पद्धतीत प्रत्येक सेवेसाठी एक शेल स्क्रिप्ट असते. तिला 'स्टार्ट', 'स्टॉप', 'रीस्टार्ट' किंवा 'स्टेटस' यांपैकी एक शब्द देऊन काम सांगितले जाते. सेवांचा क्रम दुव्यांच्या नावांतील दोन अंकी क्रमांकांवरून ठरतो. संकेतस्थळ डेटाबेसवर अवलंबून असल्यास डेटाबेस आधी सुरू करावा लागतो व नंतर थांबवावा लागतो.

सेवा थांबवणे

सेवा सुरू झाल्यावर तिचा प्रक्रिया क्रमांक एका लहान फाइलमध्ये नोंदवला जातो. 'स्टॉप' आज्ञा मिळताच स्क्रिप्ट त्या क्रमांकाच्या प्रक्रियेला 'टर्म' (क्रमांक १५) हा संकेत पाठवते. त्यामुळे सेवेला हातातील काम पुरे करण्यास, स्मृतीतील माहिती डिस्कवर लिहिण्यास व फाइली बंद करण्यास अवधी मिळतो. 'किल' (क्रमांक ९) हा संकेत मात्र प्रक्रियेला अडवता येत नाही. त्यामुळे न लिहिलेली माहिती नष्ट होऊ शकते. म्हणून तो शेवटचा उपाय मानतात.

सेवा अचानक बंद पडल्यास क्रमांकाची फाइल तशीच राहू शकते. कालांतराने तोच क्रमांक दुसऱ्या प्रक्रियेला मिळाला, तर 'स्टॉप' आज्ञेने भलतीच सेवा बंद पडते. त्यामुळे चांगली स्क्रिप्ट संकेत पाठवण्यापूर्वी तो क्रमांक त्याच सेवेचा असल्याची खात्री करते.

भारतातील वापर

भारतात १९८६-८७च्या सुमारास मुंबईतील एनसीएसटी व आयआयटी यांच्यात दूरध्वनी जोडणीवरून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली. त्यासाठी यूयूसीपी ही युनिक्सवरील पद्धत वापरली गेली. यूयूसीपीमध्ये जोडणी सतत चालू ठेवावी लागत नाही. 'क्रॉन' या डीमनकडून ठरावीक वेळी संपर्क साधणारा प्रोग्राम चालवता येतो व साठलेली पत्रे एकदम पाठवता येतात.

सिस्टमडी

२०१० साली लेनार्ट पॉटरिंग व के सिव्हर्स यांनी 'सिस्टमडी' प्रणाली सादर केली. फेडोराने २०११मध्ये, तर डेबियनने २०१५मधील आठव्या आवृत्तीत ती मूलभूत प्रणाली म्हणून स्वीकारली. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही संचालन प्रणाली डेबियनवरच आधारित आहे. सिस्टमडीमध्ये लांब स्क्रिप्टऐवजी सेवेचे वर्णन करणारी छोटी फाइल असते. एका सेवेच्या सर्व प्रक्रिया कर्नलच्या साहाय्याने एका गटात ठेवल्या जातात. त्यामुळे क्रमांकाच्या फाइलवर विसंबून न राहता संपूर्ण सेवा थांबवता येते. मात्र एकाच प्रणालीकडे अनेक कामे एकवटल्याची टीका तिच्यावर होते. फ्रीबीएसडीसारख्या प्रणालींमध्ये स्क्रिप्टची पद्धत आजही प्रचलित आहे.