आकडे तेच, उत्तरं दोन

१९६७ साली फ्रेडरिक लॉर्ड या अमेरिकन अभ्यासकाने एक कोडं घातलं. विद्यापीठाच्या खानावळीतल्या जेवणाचा मुलग्यांवर आणि मुलींवर वेगळा परिणाम होतो का? एक संख्याशास्त्रज्ञ वर्षअखेरच्या वजनातून सुरुवातीचं वजा करतो. म्हणतो, फरक नाही. दुसरा सुरुवातीचं वजन रिग्रेशनमध्ये घालून सारख्या वजनाचे मुलगा-मुलगी ताडतो. म्हणतो, मुलगे जास्त वाढले. हिशेब दोघांचाही बरोबर!

१९९० च्या दशकात लंडनमध्ये कार्ल फ्रिस्टन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमेतल्या ठिपक्या-ठिपक्याला असंच रेषीय मॉडेल लावलं, आणि हा पेच आपल्या डोक्यापर्यंत पोचला. स्मरणशक्तीशी निगडित हिप्पोकॅम्पस नुसता मोजला, तर पुरुषांचा सरासरीने मोठा निघतो. कवटीचं आकारमान मॉडेलमध्ये घातलं, की तो फरक बराचसा विरतो.

मग खरं काय? दोन्ही. ‘मोठा आहे का?’ आणि ‘डोक्याच्या मानाने मोठा आहे का?’ हे प्रश्नच वेगळे. मॉडेल निवडताना आपण प्रश्न निवडत असतो. तो कोणता, हे उत्तराआधी सांगायला हवं. नाहीतर ‘बायकांचा मेंदूच वेगळा’ असा मथळा छापायला कितीसा वेळ लागतो?