पिसवांचे घरगुती नियंत्रण
पिसवांचे घरगुती नियंत्रण म्हणजे कुत्रा, मांजर इत्यादी पाळीव प्राण्यांच्या अंगावरील तसेच घर व अंगणातील पिसवांचा नायनाट करण्याची उपाययोजना होय. पिसू (अनेकवचन: पिसवा) हा सायफोनॅप्टेरा गणातील पंखहीन, रक्तशोषक कीटक आहे. घरात उपद्रव देणाऱ्या जातींपैकी मांजरपिसू (शास्त्रीय नाव: टेनोसेफॅलायडिस फेलिस) ही सर्वाधिक आढळते. नाव मांजरपिसू असले, तरी ती कुत्र्याच्या अंगावरही राहते. प्राण्याच्या अंगावर दिसतात त्या केवळ प्रौढ पिसवा. अंडी, अळ्या व कोष घरभर विखुरलेले असतात. त्यामुळे प्राणी आणि त्याची राहण्याची जागा या दोहोंवर एकाच काळात उपाय केल्याखेरीज उपद्रव थांबत नाही.

जीवनचक्र

रक्त मिळाल्यानंतर एक-दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते व दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. अंडी चिकट नसल्याने ती प्राण्याच्या अंगावरून घरंगळून त्याच्या झोपण्याच्या जागी पडतात. अळ्या उजेड टाळतात; गोणपाट, सतरंजी, फरशीचे सांधे व मातीच्या भेगा यांत राहून त्या प्रौढ पिसवांच्या रक्तयुक्त विष्ठेवर जगतात. कोरड्या हवेत त्या मरतात, म्हणून दमट हवामान त्यांना मानवते. पुढे अळी रेशमी कोष विणते. कोषावर धूळ चिकटल्याने तो दिसत नाही व कीटकनाशकही आत सहसा पोहोचत नाही. कोषातील पिसू अनेक महिने थांबू शकते. हालचालीचा कंप, उष्णता किंवा श्वासातील कार्बन डायऑक्साइड जाणवताच ती बाहेर पडते. दीर्घकाळ बंद असलेले घर उघडताच पिसवा चावू लागतात, त्याचे कारण हेच होय. अनुकूल हवामानात हे चक्र तीन-चार आठवड्यांत पूर्ण होते.

ओळख

प्राणी सतत खाजवतो. शेपटीच्या मुळाशी व पाठीवर केस गळतात. केसांतील काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवल्यास तांबूस डाग पडतो. तसे झाल्यास ती पिसवांची विष्ठा समजावी. लहान पिल्लांना रक्तक्षय होऊ शकतो.

प्राण्यावरील उपाय

दाट दातांच्या फणीने केस विंचरून निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवितात. केवळ आंघोळीने अंगावरील पिसवा कमी होतात, पण पुन्हा येण्यास प्रतिबंध होत नाही. त्यासाठी फिप्रोनिल, सेलामेक्टिन, फ्लुरालानर आदी औषधे पशुवैद्याच्या सल्ल्याने, प्राण्याचे वजन व वय पाहून वापरतात. घरातील सर्व कुत्र्या-मांजरांवर उपचार आवश्यक असतो.

घरातील उपाय

प्राण्याचे अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. पलंगाखालचा भाग व कोपरे रोज झाडावेत किंवा व्हॅक्यूम क्लीनरने साफ करावेत. केर लगेच बंद पिशवीत भरून घराबाहेर टाकावा. मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन ही कीटकांची वाढ रोखणारी द्रव्ये अंडी व अळ्यांची वाढ थांबवितात. कोषांतून नव्या पिसवा निघत राहत असल्याने फवारणीनंतरही काही आठवडे पिसवा दिसतात. याचा अर्थ उपाय फसला असा नव्हे. स्वच्छता व औषध दोन्ही चालू ठेवावे लागतात.

सावधगिरी

कुत्र्यांसाठीच्या अनेक औषधांत असणारे परमेथ्रिन मांजरांना प्राणघातक ठरू शकते. मांजराचे यकृत त्याचे विघटन नीट करू शकत नाही. फिप्रोनिल सशांना विषारी असते. रॉकेल चोळणे, शेतीची कीटकनाशके अंगाला लावणे किंवा लसूण खाऊ घालणे हे उपाय अपायकारक आहेत. फवारणी वाळेपर्यंत मुले व प्राणी यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

रोगप्रसार

संसर्ग झालेली पिसू गिळल्यास प्राण्याला, क्वचित लहान मुलांनाही, डिपिलिडियम कॅनिनम या पट्टकृमीची बाधा होते. प्लेगचा प्रसार मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे (झेनॉप्सिला चिओपिस) होतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली; १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत केलेल्या प्रयोगांतून पिसवांची भूमिका दाखवून दिली. उंदीर मेल्यावर त्यांच्या पिसवा दुसऱ्या यजमानाच्या शोधात निघतात. म्हणून प्लेगप्रवण भागात उंदीर मारण्याआधी किंवा त्यासोबतच पिसवांचा नाश करणे महत्त्वाचे मानले जाते.