कॅलिबरचे रूपांतर : पायथन २ कडून पायथन ३ कडे

संगणकभाषा मनुष्यभाषेप्रमाणे बोलणाऱ्यांच्या मुखी नकळत बदलत नाही. तिचे कर्ते तिच्यात ठरवून बदल करतात, आणि त्या बदलाचा भार तिच्यात लिहिणाऱ्यांवर पडतो. गिडो व्हान रॉस्सुम यांनी १९८९ च्या अखेरीस रचावयास घेतलेल्या पायथन भाषेची तिसरी आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हा ती दुसरीशी विसंगत असणार हे हेतुपूर्वकच ठरलेले होते. छापण्याची आज्ञा कंसाविना लिहिणे अशुद्ध ठरले. असल्या किरकोळ गोष्टी यंत्रानेही सुधारता येत. खरी अडचण निराळीच होती.

पायथन २ मधील साधी अक्षरमाला ही वस्तुतः बाइटांची मालिका असे. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीने लिहिलेल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारल्यास उत्तर १५ येई, कारण तेथे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. पायथन ३ मध्ये तेच उत्तर ५ येते: म, र, काना, ठ आणि वेलांटी. (वाचणाऱ्यास अक्षरे तीनच दिसतात; तो प्रश्न दोहोंपैकी कोणत्याच आवृत्तीने सोडविलेला नाही.) मजकूर आणि बाइट हे आता दोन भिन्न प्रकार झाले. जुन्या लेखनात हा भेद बहुधा नोंदलेलाच नव्हता. मोडी कागद वाचणारा ऱ्हस्व-दीर्घ संदर्भावरून ठरवितो, तद्वतच येथे प्रत्येक स्थळी मूळ लेखकाच्या मनात काय होते हे कोणीतरी वाचून ठरविणे प्राप्त होते.

भाषेच्या कर्त्यांनी ‘टू-टू-थ्री’ नामक रूपांतरक आज्ञावली सिद्ध केली होती. एकदा रूपांतर केले की काम संपेल, ही अपेक्षा. परंतु जुनी आवृत्ती वापरणारे वाचक-ग्राहक सोडून देणे कोणासही परवडणारे नव्हते. म्हणून एकच लेखन दोन्ही आवृत्त्यांत चालावे अशी द्विभाषिक शैली रूढ झाली. तीस साहाय्यभूत ठरलेल्या २०१० च्या ग्रंथालयाचे नाव ‘सिक्स’, म्हणजे दोन गुणिले तीन. २०१२ च्या ३.३ आवृत्तीत मजकूरदर्शक ‘यू’ हे काढून टाकलेले उपपदही परत आले. सुधारकांना व्यवहारापुढे नमावे लागले, असाच याचा अर्थ होय. पायथन २ चा नियोजित अंत २०१५ वरून २०२० पर्यंत लांबविण्यात आला, तोही २०१४ मध्ये.

कॅलिबर या ई-पुस्तकांच्या मुक्त आज्ञावलीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. कोविद गोयल या भारतीय आज्ञावलीकाराने २००६ मध्ये सोनीच्या वाचनयंत्रासाठी तिचा आरंभ केला. २०१७ मध्ये रूपांतराची मागणी झाली, तेव्हा संपूर्ण लेखन पालटण्यापेक्षा पायथन २ स्वतः सांभाळणे कमी कष्टाचे, असे उत्तर त्यांनी दिले. यास हट्ट म्हणणे सोपे आहे. तथापि नाना लिप्यांची, नाना संकेतपद्धतींची पुस्तके उलगडणाऱ्या आज्ञावलीत मजकूर आणि बाइट पदोपदी गुंतलेले असतात. हा हिशेब चुकीचा होता असे म्हणवत नाही. भाषा बदलल्याने कॅलिबरच्या वाचकास नवे काहीच मिळणार नव्हते.

उलटपक्षी, लिनक्सच्या डेबियनसारख्या वितरणांतून पायथन २ निघून जाणार हे निश्चित होते, आणि त्यासोबत कॅलिबरही जाण्याचा धोका होता. तेव्हा काही स्वयंसेवकांनी विनावेतन हे काम अंगावर घेतले. त्यांनी स्वतंत्र शाखा काढून वेगळी चूल मांडली नाही. चालू आज्ञावली न मोडता लहानलहान दुरुस्त्या ते मूळ लेखनातच घालीत गेले. गोयल यांनी त्या स्वीकारल्या, पुढे स्वतःही त्या कामात उतरले. पायथन २ ची अखेरची आवृत्ती, २.७.१८, एप्रिल २०२० मध्ये निघाली. पायथन ३ वर आधारलेले कॅलिबर ५.० त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. इतरांनी रचलेल्या काही जोड-आज्ञावल्या त्या दिवशी बंद पडल्या, आणि त्यांचे रूपांतर ज्याच्या त्याच्या कर्त्याकडे राहिले.