रहस्यपटांतील डोळा

रहस्यपटाचें नांव काढतांच सुशिक्षित घरांतून अजूनही नाकें मुरडलीं जातात. खून, फसवणूक आणि अंधारांतील पावलें यांवर पोसलेली ही हलकी करमणूक, असा त्याविषयीं सर्वसाधारण समज आहे. त्यांतही ज्यांस हल्लीं ‘सायकॉलॉजिकल थ्रिलर’ म्हणतात, म्हणजे ज्यांत भयाचें मूळ घरांत शिरलेल्या चोरापेक्षां मनांत दडलेल्या चोराकडे असतें, ते चित्रपट म्हणजे निव्वळ पाश्चात्यांचें अनुकरण, असें ठामपणें सांगण्यांत येतें. मराठी चित्रपटाचा इतिहास पाहतां हीं दोन्ही विधानें टिकत नाहींत, असें आम्हांस वाटतें.

प्रथम या प्रकारच्या संकेतांचा विचार करूं. दोन व्यक्तींचा एकच चेहरा, ज्यावर विसंबतां येत नाहीं अशी स्मृति, शेवटपर्यंत राखून ठेवलेली एक गोष्ट, हे ते संकेत होत. ते ठराविक आहेत, हाच टीकाकारांचा मुख्य आक्षेप. परंतु ठराविकपणा हा दोषच असतो काय? शिंदखेडा, दोंडाईचा या भागांत रात्र जागवून वहीगायन ऐकणाऱ्या श्रोत्याला कथा बहुधा आधींच ठाऊक असते. तरी ऐन प्रसंगीं तो श्वास रोखून बसतो. कारण काय होणार हें त्याला माहीत असलें, तरी तें कसें होणार हें ऐकावयाचें असतें. खानदेशच्या जत्रांतून पुढें तंबूंतला सिनेमा फिरूं लागला, तेव्हां अशा श्रोत्याला पडद्यावरील संकेत कोणी शिकवावे लागले नाहींत.

कॅमेऱ्याच्या युक्त्या मात्र बाहेरून आल्या, हें मान्य केलें पाहिजे. ‘कॅलिगरी’ (१९२०) या जर्मन चित्रपटानें वेड्याच्या मनाप्रमाणें भिंती व रस्ते वांकडेतिकडे रंगविले. हिचकॉक हा इंग्रज दिग्दर्शक १९२४-२५ च्या सुमारास जर्मन स्टुडिओंतच छायाप्रकाशाचे धडे शिकला. आपले व्ही. शांतारामही ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या निमित्तानें १९३३ सालीं जर्मनीस गेले होते. परत आल्यावर त्यांनीं पुण्यांत प्रभातचा ‘अमृतमंथन’ (१९३४) काढला. देवीच्या नांवानें बळी मागणारा राजगुरु त्यांत आहे. टेलिफोटो भिंगानें त्याचा एकच डोळा इतका जवळ आणला आहे कीं सारा पडदा त्यानें व्यापतो. चेहरा नाहीं, देह नाहीं, केवळ डोळा. येथें एक चमत्कार घडतो. आपण पैसे देऊन पाहावयास आलेले असतों. एका क्षणांत आपणच पाहिले जाऊं लागतों. धर्माच्या नांवानें हत्येची आज्ञा देणारी सत्ता माणसाच्या मनावर कशी बसते, हें सांगण्यास दहा संवाद अपुरे पडले असते.

मराठी आवृत्तींत राजगुरूची ही भूमिका केशवराव दाते यांनीं केली होती. तेच केशवराव ‘कुंकू’ (१९३७) मध्यें काकासाहेब झाले. हा चित्रपट काटेकोर अर्थानें रहस्यपट नव्हे. परंतु भयाची दिशा त्यानें उलटविली. ज्यानें इतरांस दृष्टीनें बांधलें, तोच नट आतां तरुण पत्नीच्या, नीरेच्या, दृष्टीपुढें खचत जातो. पार्श्वसंगीत टाळून घरांतल्या साध्या आवाजांवर, घड्याळाच्या टिकटिकीवर, सारी भिस्त ठेवलेली आहे. खलपुरुष नाहीं, कारस्थान नाहीं. अन्यायाची उमजणारी जाणीव हेंच रहस्य, आणि त्याचा उलगडा काकासाहेबांच्या आत्मघातांत होतो.

राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) हा मात्र अस्सल रहस्यपट. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. पत्नीनें आपल्या डोळ्यांदेखत प्राण सोडल्याचें जाणणाऱ्या वकिलासमोर हुबेहूब तिच्यासारखी एक आरोपी उभी राहते आणि ‘मीच तुमची पत्नी’ म्हणते. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) मध्येंही मृत मानलेल्या स्त्रीचा चेहरा परततो. पण तेथें रहस्य प्रेक्षकाला बऱ्याच आधीं सांगून नायकाच्या वेडाकडे लक्ष वेधलें आहे. मराठी चित्रपट तें अखेरपर्यंत राखतो. तिकडे भिंगाची व कॅमेऱ्याची उलटसुलट चाल जिन्याची पोकळी खोल करते. इकडे साक्षीपुराव्यानें नवऱ्याच्याच डोळ्यांवरील विश्वास पोखरला जातो. पुढें याच कथेवर हिंदींत ‘मेरा साया’ (१९६६) निघाला. अनुकरणाचा आरोप करणारांनीं हा उलटा प्रवासही लक्षांत घ्यावा.

बाजाची पेटी युरोपांतून आली म्हणून आमचें नाट्यसंगीत परकें ठरलें नाहीं. तोच न्याय भिंगाला लावावा. तंबूंतील सिनेमा आतां विरळ झाला. तो पडदाभर डोळा शिंदखेड्यांतही तळहाताएवढ्या काचेवर दिसूं शकतो. आकार घटला तरी कसोटी तीच आहे. ज्या चित्रपटानें आपल्याला नुसतें दचकविलें तो सकाळीं विसरला जातो. ज्यानें ‘आपण कोणाच्या डोळ्यांनीं पाहत होतों?’ हा प्रश्न मागें ठेवला, त्याला हलकी करमणूक म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं.