मराठी आत्मकथनाचा प्रारंभ : काही निमित्ते

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार मराठीत इंग्रजी अमदानीत रूढ झाला, हे खरे. परंतु स्वतःविषयी लिहू लागण्याची अडचण त्याहून जुनी आहे. ‘मी’ हे पद लेखणीतून उतरण्यास काही निमित्त लागे, आणि ते बहुधा दुसऱ्याने पुरविलेले असे. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंनी आपले पूर्वजन्म अभंगांतून कथन केले ते पुत्राला उद्देशून, असे परंपरा सांगते. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींच्या नावातच ‘माझ्या’ नसून ‘आमच्या’ आहे. न्यायमूर्तींच्या स्मृतीच्या आश्रयानेच तेथे पत्नीचे आयुष्य प्रकट होते.

नाना फडणीस यांचे त्रोटक आत्मवृत्त याला अपवाद ठरते. बालपणीची देवपूजेची आवड, तारुण्यातील कामविकार आणि १७६१ च्या पानिपतावरील जीव वाचवून केलेले पलायन नाना कोणाच्या आग्रहाखेरीज सांगतात, असे त्यातील स्वर पाहता वाटते. मातेचा वियोगही त्याच रणधुमाळीतला. मात्र पुढे ज्या कारभारामुळे नानांचे नाव झाले, तो या वृत्तात नाही! मुत्सद्द्याला सांगावासा वाटला तो आपला पराक्रम नव्हे, तर आपली भीती.

विष्णुभट गोडसे यांचे प्रकरण अधिक विचारणीय आहे. वरसईचा हा भिक्षुक कौटुंबिक कर्जाच्या ओझ्याने १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाला आणि झाशीच्या वेढ्यात सापडला. हा वृत्तांत लिहिला गेला सुमारे पंचवीस वर्षांनी, तोही चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी १९०७ साली तो छापला, परंतु भाषा व मजकूर यांत फेरफार करून. मागणारा आणि सुधारणारा एकच झाला की भिक्षुकाच्या बोलीवर विद्वानाची छाया पडणारच. सरकारच्या धास्तीने वैद्यांनी सावधगिरी बाळगली असेल, ते क्षम्यही आहे. तथापि त्यामुळे सुमारे साठ वर्षे अभ्यासक गोडसेभटजींच्या नावावर अंशतः वैद्यांचेच गद्य वाचत होते. दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून शुद्ध संहिता १९६६ साली सिद्ध केली. झाशीविषयी या ग्रंथाचा आधार घेताना दोहोंपैकी कोणती संहिता समोर आहे, हे प्रथम नोंदविणे इष्ट होय.