‘सेल्फ’ का लागत नाही? एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या निदानाचा इतिहास

आपल्याकडे गॅरेजमध्ये ‘स्टार्टर मोटर’ हा शब्द फारसा ऐकू येत नाही. ‘सेल्फ लागत नाही’, ‘सेल्फ नुसता फिरतोय’, ‘दोनदा सेल्फ मारून बघ’ असंच बोललं जातं. ‘सेल्फ-स्टार्टर’ची शेपटी गळून उरलेला हा शब्द आहे. गाडीपुढे उभं राहून हँडल मारायचं काम माणसाकडून गाडीकडे गेलं, त्या काळाची ही खूण.

माझ्या पीएच.डी.चा विषय आहे दुरुस्तीचं ज्ञान: ते कसं तयार होतं, कुठे लिहिलं जातं आणि कशात मुरून राहतं. एमएस्सी फिजिक्सची, त्यामुळे यंत्रांकडे वळणं साहजिकच होतं. या लेखासाठी एकच प्रश्न घेतलाय: जुनी स्पोर्ट्स कार सुरू होत नसेल तर बिघाड कुठे आहे हे ठरवायचं कसं? उत्तराची सुरुवात पाना-पकडीने करू नका. आधी गाडी कोणत्या साली बनली ते विचारा.

पण आधी थोडं मागे जाऊ. हँडल मारताना इंजिनने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. बायरन कार्टर नावाच्या अमेरिकन मोटार-उत्पादकाचा १९०८ मध्ये अशाच अपघातानंतर मृत्यू झाला आणि त्यामुळे हळहळलेल्या कॅडिलॅकच्या हेन्री लेलँडने हँडल घालवायचं मनावर घेतलं, अशी गोष्ट सांगतात. सांगणाऱ्यागणिक तिचे तपशील बदलतात, तेव्हा ती गोष्ट म्हणूनच घ्या. पक्कं आहे ते एवढं, की चार्ल्स केटरिंगने बनवलेला इलेक्ट्रिक सेल्फ कॅडिलॅकच्या १९१२ च्या मॉडेलवर आला. केटरिंग त्याआधी डेटन शहरात कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत होता. गल्ल्याचा खण उघडायला लागते तशी छोटी मोटर त्याने तिथे बसवली होती. इंजिन फिरवायला भलीमोठी मोटर लागेल असं बाकीचे धरून चालले होते. केटरिंगला दिसलं की मोटर सतत चालवायचीच नाहीये. काही सेकंद तिच्यावर मनसोक्त ओव्हरलोड टाकायचा आणि मग तिला विश्रांती द्यायची. सेल्फची सगळी ताकद आणि सगळी दुखणी या एका कल्पनेत आहेत: थोडा वेळ, पण प्रचंड करंट.

आता गाडीकडे येऊ. मी एमजीबी निवडलीय. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही दोन दारांची गाडी बनली. सगळे प्रकार मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या आणि त्यातल्या खूपशा अमेरिकेत गेल्या. बाहेरून बघणाऱ्याला अठरा वर्षं एकच गाडी दिसते. आतली वायरिंग मात्र किमान तीनदा बदलली, आणि निदानाची खरी गंमत तिथेच आहे.

चावी फिरवली आणि नुसतं ‘टक्’ झालं, इंजिन ढिम्म. बहुतेक जण म्हणतील, बॅटरी उतरली. असेलही. पण १९७४ च्या आधीच्या एमजीबीत १२ व्होल्टची एक बॅटरी नाहीच. ६ व्होल्टच्या दोन आहेत, सीरिजमध्ये जोडलेल्या, सीटच्या मागे जमिनीखाली. म्हणजे चार टर्मिनल, मधली जोडकेबल, बॉडीला जाणारी अर्थची केबल, आणि तिथून पुढे इंजिनपर्यंत गाडीच्या पोटाखालून जाणारी लांबच लांब केबल. प्रत्येक सांधा म्हणजे गंजायची एक नवी जागा. बरं, बॅटऱ्यांच्या त्या कोनाड्यात चिखलपाणीही हमखास येतं.

इथे शाळेतला ओहमचा नियम कामाला येतो. इंजिन फिरवताना सेल्फ साधारण २०० अँपिअर ओढतो असं धरा. एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध ०.०१ ओहम असेल, तर तिथे २०० × ०.०१ = २ व्होल्ट गायब! शिवाय त्या एका सांध्यात ४०० वॅट उष्णता. म्हणूनच जुने मिस्त्री दोन-तीनदा सेल्फ मारून टर्मिनलांना हात लावून बघतात. जो सांधा चटका देतो तो चोर. पण हाच सांधा मल्टिमीटर ओहमवर लावून तपासलात तर मीटर ‘सगळं ठीक’ म्हणेल, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याहून जास्त असतो. त्यामुळे मोजायचं ते करंट वाहत असताना, आणि मोजायचे ते व्होल्ट. एक टोक बॅटरीच्या खांबावर (क्लॅम्पवर नाही, थेट खांबावर), दुसरं सेल्फच्या टर्मिनलवर, आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर दोष त्या वाटेत आहे. मग एकेक सांधा घेत पुढे सरकायचं. एमएस्सीच्या लॅबमध्ये फोर-प्रोब पद्धत केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. करंटची वाट वेगळी, मोजायची वाट वेगळी, तत्त्व तेच.

ही मोजणी अर्थच्या बाजूनेही करायची. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने बॉडीपासून तुटलेलं. त्या दोघांना जोडणारी एक जाड अर्थची पट्टी असते. ती तुटली किंवा सैल झाली की सेल्फचा करंट परत जायला दुसरी वाट शोधतो, आणि ती सापडते चोकच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या बारीक केबलमध्ये. ती केबल तापून धूर काढते. चोकची केबल का जळाली म्हणून कार्ब्युरेटर उघडून बसणारा मेकॅनिक आयुष्यभर शोधत राहील.

पुढचा थर १९६७ चा. तोवरच्या एमजीबीत बॉडी बॅटरीच्या धन टोकाला जोडलेली होती. पॉझिटिव्ह अर्थ. आज हे विचित्र वाटतं, पण तेव्हाच्या ब्रिटिश गाड्यांत ती सर्रास पद्धत होती. १९६७ अखेरीस आलेल्या मार्क २ मध्ये डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला आणि बॉडी ऋण झाली. डायनॅमो उलट जोडणी एक वेळ सोसतो, अल्टरनेटरमधले डायोड सोसत नाहीत. साल न विचारता बॅटरी जोडणाऱ्याचा खर्च तिथेच वाढतो.

याच बदलाचा एक उरलेला धागा कॉइलवर सापडतो. जुन्या लुकास कॉइलवर + आणि − अशा खुणा नसतात. इंग्रजीतली ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ ही अक्षरं असतात: एक टोक स्विचकडचं, दुसरं कॉन्टॅक्ट ब्रेकरकडचं. ही कॉइल पॉझिटिव्ह अर्थसाठी गुंडाळलेली. नंतर कुणी गाडी निगेटिव्ह अर्थ करून घेतली आणि कॉइलच्या वायरी अक्षरं वाचून तशाच ठेवल्या, तर ठिणगीची दिशा उलटते. प्लगचा मधला इलेक्ट्रोड जास्त तापलेला असतो, आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. दिशा उलटली की तीच ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. गाडी चालते, पण थंडीत सुरू व्हायला कुरकुरते. कुणीही काही ‘चुकीचं’ केलेलं नसतं. अक्षरं आणि काळ यांची फक्त फारकत झालेली असते.

मार्क २ बरोबर सेल्फही बदलला, आणि तो कानाने ओळखता येतो. आधीचा बेंडिक्स पद्धतीचा: मोटर एकदम फिरते, आणि जडत्वामुळे मागे राहिलेलं पिनियन आट्यांवरून सरकत फ्लायव्हीलच्या दात्यांत जाऊन बसतं. मोटर गर्रकन फिरतेय पण इंजिन जागचं हलत नाही, तर आट्यांवर क्लचची धूळ साचलीय. तिथे तेल घालायचा मोह होतो. घालू नका, तेलावर धूळ आणखी चिकटते. नंतरच्या सेल्फमध्ये सोलेनॉइड आधी पिनियन आत ढकलतो आणि मग मोटरला करंट देतो. तिथे तोच आवाज आला तर संशयित वेगळे.

सेल्फ उत्तम फिरतोय, इंजिन मात्र पेट घेत नाही, अशा वेळी पॉइंट्स, कंडेन्सर, रोटर तपासायचे. ही सगळी पुन्हा केटरिंगचीच पद्धत. पॉइंट्समधली फट १४ ते १६ हजारांश इंच, ती फीलर गेजने बघता येते. इथे नवा भाग लावून बघण्याआधी थांबा. आज मिळणाऱ्या नव्या रोटर आणि कंडेन्सरबद्दल मालकांच्या तक्रारी भरपूर आहेत. जुना चांगला काढून नवा खराब बसवला की दोन बिघाड होतात आणि पहिल्याचा पुरावा कचऱ्यात जातो.

साधारण १९७४ नंतरच्या गाड्यांत एक लक्षण मात्र फार बोलकं आहे. सेल्फ फिरताना इंजिन पेट घेतं, चावी सोडली की त्याच क्षणी मरतं. या गाड्यांत कॉइल कमी व्होल्टेजची आहे आणि एरवी तिला करंट एका रोध-तारेतून मिळतो. ही तार वायरिंगमध्येच गुंफलेली असल्यामुळे दिसतच नाही. सेल्फ चालू असताना बॅटरीचं व्होल्टेज पडतं, म्हणून तेवढ्यापुरता ही तार टाळून थेट करंट दिला जातो. चावी सोडताच इंजिन मेलं तर ती रोध-तार तुटलीय. १९६५ च्या गाडीत हे लक्षण दिसलं तर हा विचारच करू नका, तिथे ती तार नाही.

पेट्रोलचं थोडक्यात. एमजीबीचा एसयू पंप मागे, टाकीजवळ असतो. चावी लावली की टिकटिक ऐकू येते आणि फ्लोट चेंबर भरले की थांबते. आवाजच नाही, तर पंपाचे पॉइंट्स किंवा त्याची पांढरी वायर बघा. थांबतच नाही, तर टाकी रिकामी, कुठे तरी हवा ओढतेय किंवा गळती आहे. गळतीचा संशय असेल तर सगळं सोडून आधी बॅटरी काढा. पांढऱ्या वायरींना फ्यूज नाही आणि पेट्रोलला दयामाया नाही. (एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. हे स्किनर घराणं बुटांच्या धंद्यातलं, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये चामड्याचा भाता होता!)

उरला लुकासचा प्रश्न. जोसेफ लुकासच्या बर्मिंगहॅममधल्या कंपनीने एकोणिसाव्या शतकात सायकलचे दिवे विकले ते ‘किंग ऑफ द रोड’ या नावाने. पुढे स्पोर्ट्स कारवाल्यांनी त्याच लुकासला ‘अंधाराचा राजकुमार’ करून टाकलं. विनोद झकास आहे, पण निदान म्हणून तो निरुपयोगी आहे. गोळीसारखी टोकं नळीत खोचून केलेले लुकासचे सांधे ओलाव्याला बळी पडतात, हे मान्य. तरी पन्नास-साठ वर्षांच्या तांब्यावर चढलेला गंज कुठल्याही कंपनीच्या नावाने बरा होत नाही. उलट लुकासचे वायरींचे रंग ठरलेले होते आणि तेच पुढे ब्रिटिश मानक झाले: तपकिरी म्हणजे कायम जिवंत, पांढरा चावी लावल्यावर, हिरवा चावी आणि फ्यूज दोन्हींनंतर, काळा अर्थ. एवढं पाठ असलेला माणूस नकाशाशिवाय अर्धी गाडी वाचू शकतो.

आपल्याकडच्या अनेक मिस्त्रींना हे पाठ असायला कारणही आहे. मद्रासमध्ये १९६१ पासून लुकास-टीव्हीएस होती. आणि सरकारी पांढऱ्या ॲम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते बीएमसीचं बी-सिरीज. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं, थोरल्या भावासारखं. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. आपल्या रस्त्यांवर त्या घराण्यातली इंजिनं त्यानंतरही कित्येक वर्षं फिरत होती. त्यांच्यावर हात बसलेले मिस्त्री आज सत्तरीत आहेत, आणि माझ्या पुढच्या वर्षभराच्या मुलाखती त्यांच्याच आहेत.